शेजारची सीट

उस्तादांनी सवयीने ड्रायव्हरच्या दाराची मूठ धरली आणि एक पाय पायरीवर ठेवलासुद्धा. वर सीटवर बसलेला जाड्या खिडकीतून खाली वाकला. तो उस्तादांच्याच हाताखाली गाडी शिकला होता.

"उस्ताद," तो हळूच म्हणाला, "आज पलीकडनं चढायचं."

उस्तादांनी मूठ सोडली. पाय खाली घेतला, बुटाला काही लागलंय का ते बघितल्यासारखं केलं आणि बसला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आले. तिथे काकू, म्हणजे उस्तादांची बायको, डब्याची पिशवी धरून उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं, पण त्या बसच्या काचेवरची पाटी वाचत राहिल्या, जशी काही ती पाटी त्यांना आजच पहिल्यांदा दिसली.

पाटी राष्ट्रीय उद्यानाची होती. ती उस्तादांनी किती वेळा लावली आणि किती वेळा काढली याची गणती नव्हती. सहलीच्या कंपनीत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली होती आणि कंपनीची सगळ्यात चालणारी सहल म्हणजे हे उद्यान. पहाटे निघायचं, घाट चढायचा, लोकांना गेटवर सोडायचं, संध्याकाळी गोळा करून परत आणायचं. बाहेरच्या गाड्यांना आत सोडत नसत. आत उद्यानाच्या स्वतःच्या हिरव्या बस फिरत. ड्रायव्हर मंडळी गेटबाहेरच्या पार्किंगमध्ये थांबत, चहा पीत, सीटवर आडवं होऊन डुलकी काढत.

लेक लहान असताना विचारायची, "बाबा, आत काय असतं?" उस्ताद सांगायचे, "मला काय माहीत? मी गेटापर्यंतचा माणूस." पुढे घरात तो विनोदच होऊन बसला. कुणी काही अवघड विचारलं, की समोरचा म्हणायचा, मी गेटापर्यंतचा माणूस.

गेल्या वर्षीच्या डोळेतपासणीत डॉक्टरांनी उस्तादांना एका पांढऱ्या भांड्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं आणि कडेला दिवा चमकला की बटण दाबायला सांगितलं. उस्ताद वाट बघत बसले. दिवा काही चमकेना. यंत्र बिघडलंय, असं ते म्हणाले. यंत्र ठीक होतं. काचबिंदू होता. समोरचं त्यांना अजून लख्ख दिसत होतं, पण दोन्ही कडा गेल्या होत्या, आणि गेल्या त्या इतक्या गुपचूप, की खुद्द उस्तादांनाही पत्ता लागला नव्हता. कंपनीने त्यांना बुकिंगच्या खिडकीत बसायला बोलावलं. उस्तादांनी मान हलवून नाही म्हटलं आणि घरी आले.

घर काकूंचं होतं. म्हणजे नावावर दोघांच्या होतं, पण चालत होतं काकूंच्या हाताखाली. बाहेरच्या खोलीत त्यांचं शिवणयंत्र होतं. गणवेशाच्या कारखान्यातलं काम सुटल्यापासून त्या घरी बसून दुरुस्त्या करत, आणि बॅगांच्या, जाकिटांच्या, पँटींच्या चेन बसवण्यात त्यांचा हात असा काही बसला होता की आसपासचे लोक त्यांना चेनवाल्या काकू म्हणत. दिवसभर माणसं यायची, जायची. या सगळ्यात उस्ताद खिडकीपाशी खुर्ची टाकून बसत आणि खालून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकत. कुणी गिअर चुकीचा टाकला की त्यांच्या कपाळावर आठी पडे. एकदा चहा करायला म्हणून उठले आणि साखर कुठे असते ते त्यांना विचारावं लागलं. दोघांनाही ओशाळल्यासारखं झालं. इतक्या वर्षांचा संसार, आणि एकमेकांच्या वाटेत पाय येऊ नये म्हणून दोघं पाहुण्यांसारखी बाजूला सरकायची.

अशात एका रविवारी लेकीकडे जेवताना काकू म्हणाल्या, की मला ते उद्यान बघायचंय.

जावयाने लगेच फोन काढला. तो भला माणूस होता, पण कुठल्याही गोष्टीबद्दल आधी लोक काय म्हणतात ते बघितल्याशिवाय त्याला घास गिळत नसे. त्याने वाचून दाखवलं. रांगेतच अर्धा दिवस जातो. तळ्यापाशी उभं राहायला जागा मिळत नाही. प्राणी रस्त्याच्या जवळपास फिरकत नाहीत. पूर्वी बघण्यासारखं होतं, आता नुसतं नाव उरलंय. एकाने तर लिहिलं होतं, की घरी बसून चित्रफीत बघा, अस्वल तरी दिसेल.

उस्तादांनाही ते पटलं. त्यांनी स्वतः कधी काही पाहिलं नसलं, तरी पाहून आलेल्यांचे चेहरे वर्षानुवर्षं आरशात पाहिले होते. येताना लोक गात यायचे आणि जाताना पेंगत जायचे. कुणीतरी हमखास म्हणायचं, एवढं काही नाही हो. पहिल्या वर्षांत हे असं कमी ऐकू यायचं, नंतर नंतर जास्त. आता त्यात काही राम राहिलेला नाही, असं उस्ताद म्हणाले आणि भाताकडे वळले.

लेक म्हणाली, त्यापेक्षा समुद्रावर जा दोघं, मोकळी हवा लागेल. काकूंनी ते ऐकून घेतलं. मग जावयाला विचारलं, आत आपली बस जाते का?

नाही, तो म्हणाला. गेटवर उतरावं लागतं, आत त्यांची वेगळी बस असते.

"मग ठीक आहे," काकू म्हणाल्या. ठीक काय आहे हे कुणालाच कळलं नाही. त्यानंतर त्या वाद घालत बसल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात त्या तिकिटं काढूनच घरी आल्या.

*

बस सुटली तेव्हा उस्ताद काकूंच्या शेजारी बसले होते खरे, पण शहराबाहेरचा पूल येईपर्यंतसुद्धा त्यांना तिथे निभावलं नाही. आधी त्यांनी मान उंच करून पुढचा रस्ता बघितला. मग जाड्या गाडी जरा जास्तच कडेने घेतोय असं त्यांना वाटलं. मग पाठीत चमक निघतेय म्हणाले, आणि उठून केबिनमध्ये गेले. तिथे ड्रायव्हरच्या बाजूला एक घडीची सीट असते. ती उघडून ते बसले ते बसलेच.

काकूंनी पिशवी त्यांच्या रिकाम्या जागेवर ठेवली. पुढे घाट लागला, झाडं दाट झाली, हवेत गारवा आला, मागची मंडळी गाऊ लागली. पुढून उस्तादांचा आवाज अधूनमधून ऐकू येत होता. ते जाड्याला सांगत होते, या वळणावर हॉर्न आधी द्यायचा, इथे पाणी झिरपतं, इथे ब्रेक लावायचा नाही. जाड्या सगळ्याला हो म्हणत होता. त्याला हे सगळं पाठ होतं, त्याला ते याच माणसाने शिकवलं होतं, पण तो हो म्हणत राहिला. गेट येईपर्यंत उस्तादांचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा झाला होता.

पार्किंगमध्ये उतरताच चारी बाजूंनी हाका आल्या. उस्ताद आले, उस्ताद आले. कुणी स्टूल पुढे केलं, कुणी चहाचा कप हातात दिला. दुसऱ्या कंपन्यांचे ड्रायव्हर, टायरवाला, चहावाली, सगळ्यांनी त्यांना मध्ये घेतलं. तब्येत काय म्हणते, डोळे काय म्हणतात, असं विचारताना सगळे जण जरा जास्तच समोर येऊन उभे राहत होते. उस्तादांना ते कळलं आणि आवडलंही. सहलीची मंडळी गेटाकडे निघाली, तरी त्यांचा कप अर्धाच झाला होता.

काकू बसच्या पायरीपाशी उभ्या होत्या. उस्तादांनी तिथूनच त्यांना हात केला.

"तू जा यांच्याबरोबर," ते म्हणाले. "बायका आहेत की सोबत. मी बसतो इथे. आत काय, रांगच आहे."

काकूंनी मान हलवली. मग त्या वळल्या, पण गेटाकडे नाही. बसच्या पायरीवर त्यांनी रुमाल अंथरला, त्यावर बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली.

मंडळी गेटातून आत गेली. उस्तादांचा कप संपला. कुणीतरी नवीन घाटरस्त्याबद्दल बोलत होतं, पण त्यांचं लक्ष लागेना. पायरीवरची काकूंची आकृती दिसायला त्यांना दर वेळी पूर्ण मान वळवावी लागत होती, आणि ती वळवलेली सगळ्यांना दिसत होती. शेवटी ते उठून तिकडे गेले.

"गेली नाहीस?"

"नाही."

"अगं, एवढं तिकीट काढलंस. तुला बघायचं होतं ना?"

"तुम्ही इथे बसणार असाल तर मीही इथेच बसते," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. चेन कुठे अडकलीय ते गिऱ्हाइकाला दाखवावं, तशा सुरात त्या बोलल्या. "पण एवढी वर्षं तुम्ही यायचात तिथपर्यंतच यायचं असतं, तर मी कधीही आले असते."

उस्ताद उभे राहिले. पार्किंगमध्ये एक गाडी मागे येत होती आणि तिचा टीं-टीं आवाज चालला होता. ते त्या गाडीकडे बघत राहिले. गाडी नीट लागली. मग त्यांनी काकूंच्या मांडीवरची पिशवी उचलली आणि गेटाच्या दिशेने चालायला लागले. काकूंनी रुमाल झटकला, घडी केली आणि त्यांच्यामागून निघाल्या.

*

रांग जावयाने वाचून दाखवली होती तशीच होती, किंबहुना त्याहून मोठी. लोखंडी कठड्यांमधून ती नागमोडी फिरत होती आणि पुढे गेल्यासारखं वाटलं की परत तीच माणसं समोर येत होती. पुढच्या टोपीवाल्या गृहस्थांनी आपण तरुणपणी इथे आलो होतो, हे आजूबाजूच्या सगळ्यांना सांगितलं. तेव्हा गेट नव्हतं, कठडे नव्हते, हरणं हातातलं खायची. आता माणसंच माणसं. बायकोचा हट्ट म्हणून आलो, नाहीतर पाऊल टाकलं नसतं.

उस्तादांनी काकूंकडे बघितलं, बघ, असं. काकू पुढच्या बाईच्या पाठीवरच्या बॅगेची चेन बघत होत्या. दोन दातांवरून सरली होती. त्यांनी पुढे होऊन, त्या बाईला सांगून, चेनचा सरकता भाग बोटांनी दाबला आणि चेन लावून दिली. उस्ताद कितीही वैतागले असते तरी त्यांना हसू आलं असतं. त्यांना आलंच.

हिरवी बस चालवायला एक बाई होती. चाळिशीची असेल, केस घट्ट बांधलेले, बाह्या वर सारलेल्या. उस्तादांनी चढताना तिच्या मागे, बाजूला, सगळीकडे पाहिलं. घडीची सीट नव्हती. केबिनला काचेचं दार होतं आणि त्यावर आत येऊ नये असं लिहिलेलं होतं. मागून लोक रेटत होते. काकूंनी मधल्या रांगेतली एक दोघांची सीट धरली, खिडकीशी स्वतः बसल्या आणि शेजारची जागा हाताने पुसली.

उस्ताद बसले. पिशवी पायांत ठेवली. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. एक त्यांनी पुढच्या सीटच्या दांडीवर ठेवला, एक गुडघ्यावर.

बस निघाली आणि झाडीत शिरली. पहिल्याच वळणावर उस्तादांचा पाय खाली दाबला गेला. दुसऱ्या वळणावर परत. तिथे ब्रेक नव्हता, नुसती रबरी जमीन होती, पण पाय ऐकेना. समोरून दुसरी बस आली तशी त्यांनी दांडी घट्ट धरली, अंगठ्याचं नख पांढरं पडलं. तेव्हा काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. बाहेर बघत बघतच ठेवला, आणि तिथेच राहू दिला.

पुढच्या वळणावर पाय थोडा हलला, मग स्वस्थ झाला.

"गिअर छान टाकते," उस्ताद काही वेळाने म्हणाले.

"कोण?"

"ही बाई. आधी ऐकते, मग टाकते. कळतही नाही कधी टाकला."

काकूंना ते कळलं असेल असं नाही, पण त्यांनी मान डोलावली. मग त्या आपणहून बोलायला लागल्या. असं त्यांचं बोलणं घरी फारसं होत नसे, कारण घरी यंत्र चालू असायचं. लेक पाचवी-सहावीत असताना कंपनीने ड्रायव्हरांच्या घरच्यांना समुद्रावर नेलं होतं, त्याची त्यांनी आठवण काढली. तेव्हाही बस उस्तादांनीच चालवली होती. लेकीला उलटी झाली, मग ती झोपली, आणि काकू दिवसभर तिला मांडीवर घेऊन तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. तसंच त्यांच्या भावाच्या लग्नाला जातानाही. तसंच लेकीला सासरी पोचवायला जातानाही.

"जिथे जिथे गेलो, तिथे तुमच्या मागे बसून गेले," काकू म्हणाल्या. "तुमचे केस आधी मागून पांढरे झाले. तुम्हाला ठाऊकच नसेल. पुढून काळे होते तेव्हा मागून पांढरे झाले होते."

उस्तादांचा हात मानेमागे गेला. तिथे बोटं फिरवून काही कळण्यासारखं नव्हतं, तरी ते बराच वेळ फिरवत राहिले.

"सांगितलं नाहीस कधी."

"गाडी चालवताना बोलू नये अशी पाटी असते ना," काकू म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघून हसल्या.

*

तळं सुंदर होतं, यात शंका नाही. पण ते चित्रांत असतं त्याहून लहान होतं आणि त्याच्यापुढे माणसांची भिंत होती. प्रत्येकाचा हात वर, प्रत्येकाच्या हातात फोन. काकूंना दोन डोक्यांच्या मधून पाण्याचा एक निळा तुकडा दिसला आणि पलीकडच्या डोंगराची एक कड. उस्तादांना कडेने येणारी माणसं दिसत नसल्यामुळे दोनदा धक्का लागला. दुसऱ्यांदा लागला तो जरा जोरातच. तेव्हा काकूंनी त्यांच्या बाजूला येऊन दंड धरला आणि दोघं तशीच, जोडीने, गर्दीतून बाहेर पडली. एका दगडावर बसून त्यांनी डबा खाल्ला. टोपीवाले गृहस्थ तिथून जाताना म्हणाले, बघितलंत? मी म्हणालो नव्हतो? उस्तादांनी त्यांना होकार दिला, आणि डब्याचं झाकण काकूंच्या पुढे केलं.

परतीच्या बसमध्ये त्यांना तशीच दोघांची सीट मिळाली. बाई तीच होती. काकू पहाटेपासून उठलेल्या, आणि तळ्यापासून चढ चढून आलेल्या. बस झाडीत शिरून जरा पुढे गेली नाही तोच त्यांचं डोकं कलंडलं आणि उस्तादांच्या खांद्याला टेकलं.

उस्ताद ताठ झाले. लेक लहान असताना तिला खांद्यावर घेऊन ते फिरले होते, पण ती गोष्ट वेगळी होती. हे डोकं जड होतं. केसांना शिवणयंत्राच्या तेलाचा आणि साबणाचा वास होता. त्यांनी मान वळवून खाली पाहिलं. काकूंच्या कानामागे एक लहानसा तीळ होता. तो आधी पाहिला होता की नाही हे त्यांना आठवेना, आणि आठवत नाही याचं त्यांना फार वाईट वाटलं. खांद्याला रग लागली. तरी त्यांनी तो हलवला नाही. श्वाससुद्धा ते बेताने घेत होते.

तेवढ्यात बसचा वेग कमी झाला आणि ती थांबली. ड्रायव्हर बाईचा दबलेला आवाज माईकवर आला. पलीकडच्या बाजूला, ओढ्यापाशी, अस्वल आहे. आवाज करू नका. काचा उघडू नका.

आवाज कुणी केला नाही, पण सगळी बस उठली. खिडकीकडची, मागची, पुढची, सगळी माणसं पलीकडच्या काचांवर जाऊन आदळली. टोपीवाले गृहस्थ दुसऱ्याच्या सीटवर गुडघा टेकून उभे राहिले. कुणीतरी पुटपुटलं, पिल्लू आहे, पिल्लू आहे बरोबर. उस्तादांच्या समोर नुसत्या पाठी होत्या. निळ्या स्वेटरची एक पाठ, चट्ट्यापट्ट्यांची एक, एका पोरीला उचलून धरलेला एक बाप.

काकूंना उठवायला हवं होतं. हे बघायलाच तर त्या आल्या होत्या. उस्तादांचा हात उचललाही गेला. तो काकूंच्या मनगटापर्यंत आला आणि तिथे थांबला. आता उठवू, असं त्यांनी मनाशी म्हटलं. मग, आता. काकूंचा श्वास त्यांच्या बाहीवर एका लयीत येत होता. ते उठले नाहीत, झुकले नाहीत, त्यांनी मानसुद्धा उंच केली नाही. समोरच्या निळ्या पाठीकडे बघत ते बसून राहिले.

मग सगळी बस एकदम हुश्श झाली. गेलं, गेलं, असं म्हणत लोक आपापल्या जागेवर आले. एकमेकांचे फोन बघायला लागले. टोपीवाल्यांचे डोळे चक्क पाणावले होते, आणि ते बायकोला पुन्हा पुन्हा विचारत होते, बघितलंस ना? नीट बघितलंस ना? बस हलली.

आता मात्र उस्तादांना चैन पडेना. आपण काय केलं हे त्यांच्या ध्यानात आलं. उद्या लेक विचारील, आई, काय दिसलं? आणि ती म्हणेल, मी झोपले होते. आणि आपण जागे होतो.

दोन-तीन वळणं गेली. काकूंनी डोकं उचललं, चष्मा नीट केला.

"ऐक," उस्ताद म्हणाले. ते समोर बघून बोलत होते. "मगाशी अस्वल आलं होतं. पिल्लासकट. बस थांबली होती. मी तुला उठवलं नाही."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"दिसलं मला," काकू म्हणाल्या. "त्या निळ्या स्वेटरवाल्या बाईच्या कोपराखालून. आई ओढा ओलांडून गेली आणि पिल्लू अलीकडेच राहिलं. पाण्यात पाय घालायचं आणि परत काढायचं. मग ती मागे आली. त्याला हुंगलं, आणि नुसती उभी राहिली पाण्यात. तेव्हा ते गेलं. तुम्हाला नाही दिसलं?"

"नाही." उस्तादांनी पूर्ण वळून त्यांच्याकडे पाहिलं. "तू जागी होतीस?"

"बस थांबली तेव्हा जाग आली."

"मग उठली का नाहीस? नीट दिसलं असतं."

काकूंनी मांडीवरच्या शालीचा एक धागा बोटाने सरळ केला. तो सरळच होता.

"उठले असते, तर तुम्ही खांदा काढून घेतला असतात," त्या म्हणाल्या.

बाहेर झाडी विरळ होत चालली होती. मधूनच लांबवर गेटाचं छप्पर दिसायचं आणि पुन्हा झाडांआड जायचं. उस्तादांनी विचारलं, की पाणी खोल होतं का? काकूंनी सांगितलं, पिल्लाच्या पोटापर्यंत असेल. आणि आईचा रंग? काळा, पण पाठीवर जरा तांबूस. उस्ताद एकेक विचारत गेले आणि काकू एकेक सांगत गेल्या, गेट येईपर्यंत.

गेटवर बस थांबली. ड्रायव्हर बाईने माईकवर सांगितलं, की ज्यांना उतरायचंय त्यांनी उतरावं, ज्यांना पुन्हा फिरायचंय त्यांनी बसून राहिलं तरी चालेल. सगळेच उतरायला लागले. काकूंनी पायातली पिशवी उचलली. उस्तादांनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि परत खाली ठेवली.

"बस," ते म्हणाले. "होऊ दे आणखी एक फेरी."

"अहो, आपली गाडी सुटायची वेळ होईल. जाड्या खोळंबेल."

"खोळंबू दे. मी जन्मभर लोकांसाठी खोळंबलोय."

बस पुन्हा भरायला लागली. रांगेत ताटकळून आलेल्या माणसांचे चेहरे लाल झाले होते. एक तरुण जोडपं समोरच्या सीटवर येऊन आदळलं. मुलगी हाताने वारा घेत होती. मुलाने मागे वळून उस्तादांना विचारलं, की तुम्ही आत्ताच जाऊन आलात ना? खरं सांगा काका, जाण्यात काही अर्थ आहे का? काही दिसतं का आत?

उस्तादांनी त्यावर विचार केला. बाई गिअर टाकत होती, बस हळूच पुढे सरकली.

"दिसतं," ते म्हणाले, आणि सीटवर जरा घसरून बसले, खांदा काकूंच्या डोक्याच्या उंचीला यावा इतपत.